संगणकाचे ठोके

मुलांनो, लेझमीचा खेळ तुम्ही पाहिला असेल. तुमच्यापैकी काहीजण तो खेळतही असतील. मैदानावर शंभर मुले रांगेत उभी असतात. हलगी वाजू लागते. एका ठोक्याला सगळ्यांचे हात वर जातात. दुसऱ्या ठोक्याला सगळ्यांचे पाऊल पुढे पडते. हलगी वाजवणारा स्वतः लेझीम खेळत नाही. तो कोणाचा हात धरून वर उचलत नाही. तरीही त्याची हलगी थांबली, की सगळा खेळ थांबतो.

संगणकाच्या आतही असाच एक ठोके देणारा असतो. संगणकाचा जो भाग आकडेमोड करतो आणि इतर भागांना हुकूम देतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. सिलिकॉनच्या एका छोट्याशा तुकड्यावर तो तयार केलेला असतो. त्यावर अतिशय लहान ट्रान्झिस्टर असतात. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचे इवलेसे बटणच. ते चालू होते किंवा बंद होते. आजच्या प्रोसेसरमध्ये अशी कोट्यवधी बटणे असतात. ती सगळी एका तालात चालावी लागतात. हा ताल विजेच्या ठोक्यांनी मिळतो. वीज चालू, वीज बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. या प्रत्येक ठोक्याला स्पंद म्हणतात.

पण संगणकाला हे ठोके हवेत तरी कशाला? आपण वर्गातच एक प्रयोग करून पाहू.

चार मुलांना हातात पाट्या घेऊन एका रांगेत उभे करा. उजवीकडचा पहिला मुलगा एककाचा. त्याच्या शेजारी दशकाचा, मग शतकाचा आणि शेवटी हजाराचा. त्यांनी ९९९ आणि १ यांची बेरीज करायची आहे. नियम एकच. प्रत्येकाने फक्त आपल्या घरापुरती बेरीज करायची आणि हातचा आला, तर तो शेजाऱ्याला द्यायचा. एवढे करायला प्रत्येकाला एक सेकंद लागतो असे समजा.

सुरुवातीला पाट्यांवर ० ९ ९ ९ असे अंक आहेत. एककाचा मुलगा ९ मध्ये १ मिळवतो. त्याच्या पाटीवर शून्य येते आणि हातचा एक शेजाऱ्याकडे जातो. एक सेकंद झाला. आता पाट्यांवर काय दिसते? ० ९ ९ ०. दशकाच्या मुलाला हातचा मिळाला, त्यानेही शून्य लिहिले. आता दिसते ० ९ ० ०. तिसऱ्या सेकंदाला दिसते ० ० ० ०. चौथ्या सेकंदाला हजाराच्या मुलाला हातचा मिळतो आणि पाट्यांवर १ ० ० ० असे अंक येतात. हे बरोबर उत्तर.

आता गुरुजींनी दोनच सेकंदांनी टाळी वाजवली आणि पाट्यांवरचे उत्तर वहीत उतरवून घेतले, तर काय होईल? वहीत ९०० लिहिले जाईल. एकाही मुलाने चूक केलेली नाही. प्रत्येकाने आपले काम नीट केले. तरी उत्तर चुकले. कारण टाळी लवकर वाजली. गुरुजींनी दोन टाळ्यांमध्ये निदान चार सेकंद जाऊ दिले, तरच वहीतले उत्तर बरोबर येईल.

प्रोसेसरमध्ये नेमके हेच घडते. ट्रान्झिस्टरांची एक टोळी बेरीज करते. हातचा एका घरातून दुसऱ्या घरात जायला वेळ लागतो. तो वेळ अतिशय थोडा असतो, पण लागतो हे खरे. तोपर्यंत बेरजेचे आकडे बदलत असतात. ठोका पडला, की त्या क्षणाचे उत्तर एका जागी उतरवून घेतले जाते आणि पुढच्या कामाला दिले जाते. म्हणजे ठोका काय सांगतो? तो सांगतो, ‘आता उत्तर स्थिर झाले आहे. आता ते घ्या.’ म्हणून दोन ठोक्यांमधले अंतर सर्वांत सावकाश होणाऱ्या कामाला पुरेल इतके ठेवावे लागते. मागे राहिलेल्यासाठी सर्वांनी थांबायचे, असा हा नियम आहे.

संगणकाला असे ठोके देण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पेनसिल्व्हानिया विद्यापीठ आहे. तेथे जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी ‘एनियाक’ नावाचा संगणक तयार केला. तो १९४६ साली लोकांना दाखवण्यात आला. तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हते. एनियाकमध्ये काचेचे सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह म्हणजे पूर्वीच्या रेडिओत दिव्यासारख्या दिसणाऱ्या नळ्या असत, त्याच. एक मोठी खोली या एकट्या यंत्राने भरून गेली होती.

एनियाकच्या एका कपाटाचे काम एकच होते, ठोके देणे. ते कपाट एका सेकंदात एक लाख ठोके देई. तारांमधून ते ठोके यंत्राच्या सर्व भागांना पोहोचत. एका बेरजेला वीस ठोके लागत. म्हणजे एका सेकंदात ५,००० बेरजा होत. त्या काळी लोकांना याचे मोठे नवल वाटले.

या कपाटावर एक गमतीची सोय होती. एक बटण फिरवले, की ठोके आपोआप पडायचे थांबत. मग माणसाच्या इशाऱ्यावर एका वेळी एकच ठोका सोडता येई. यंत्राचे उत्तर चुकले, तर तज्ज्ञ मंडळी असा एकेक ठोका सोडत आणि प्रत्येक ठोक्यानंतर यंत्रावरचे दिवे पाहत. चूक कोणत्या ठोक्याला झाली, हे मग कळत असे. वेगाने धावणाऱ्या यंत्राला हळूहळू चालवून चूक शोधण्याची ही रीत किती छान आहे, नाही का? तुमचे गणित चुकले, की तुम्हीही एकेक पायरी तपासताच ना?

आता दुसरा प्रश्न. हे ठोके येतात कोठून?

भिंतीवरच्या जुन्या घड्याळात लंबक असतो. तो ठरावीक वेळात इकडून तिकडे जातो. संगणकाला लंबकाचा उपयोग नाही. तो फार सावकाश हलतो. संगणकाला हवा असा लंबक, जो एका सेकंदात लाखो वेळा हलेल आणि तरीही ताल चुकणार नाही. असा लंबक माणसाला सापडला, तो एका दगडात!

शेतात किंवा नदीकाठी तुम्हांला पांढरी गारगोटी सापडली असेल. ही गारगोटी क्वार्ट्‌झ नावाच्या खनिजाची असते. क्वार्ट्‌झचे स्वच्छ, काचेसारखे स्फटिकही असतात. १८८० साली फ्रान्समध्ये पिएर क्युरी आणि झाक क्युरी या दोघा भावांना या स्फटिकाचा एक अजब गुण आढळला. स्फटिक दाबला, की त्यात थोडीशी वीज निर्माण होते. पुढे उलटही खरे ठरले. स्फटिकाला वीज दिली, की तो अगदी किंचित वाकतो किंवा आक्रसतो.

क्वार्ट्‌झची पातळ चकती कापून तिच्या दोन्ही बाजूंना धातूचा पत्रा लावला आणि वीज दिली, तर ती थरथरू लागते. ही थरथर वाटेल तशी नसते. लहान घंटा वाजवा, बारीक आवाज येतो. मोठी घंटा वाजवा, भरदार आवाज येतो. प्रत्येक घंटेचा आवाज ठरलेला असतो. तशीच प्रत्येक चकतीची कंपने ठरलेली असतात. चकती जितकी पातळ, तितकी कंपने अधिक. एका सेकंदात एक कोटी वेळा कंप पावणाऱ्या चकतीची जाडी मिलिमीटरच्या सुमारे सहाव्या भागाएवढी असते.

पण थरथर सुरू झाली, तरी ती थोड्याच वेळात थांबेल. झोक्याला एकदा ढकलले आणि सोडून दिले, की झोका थांबतो, तसेच. झोका चालू ठेवायचा असेल, तर तो मागे आला, की बरोबर त्या वेळी हलका धक्का द्यावा लागतो. स्फटिकाला असा धक्का देणारे एक विजेचे मंडल त्याच्या शेजारी असते. स्फटिक थरथरला, की थोडी वीज निर्माण होते. ते मंडल ती वीज वाढवते आणि तिचा थोडा भाग पुन्हा स्फटिकालाच देते. म्हणजे धक्का केव्हा द्यायचा, हे स्फटिक स्वतःच सांगतो! त्यामुळे ताल चुकत नाही. अमेरिकेतील मिडलटाउन गावच्या वेस्लियन विद्यापीठात वॉल्टर केडी नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ साली अशी स्फटिकावर चालणारी रचना तयार केली. न्यूयॉर्क येथील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि त्यांचे सहकारी जोसेफ हॉर्टन यांनी १९२७ साली क्वार्ट्‌झवर चालणारे पहिले घड्याळ बनवले.

स्फटिकापासून मिळणारी वीज पाण्यावरच्या लाटेसारखी हळूच चढते, हळूच उतरते. दुसरे एक मंडल या लाटेच्या कडा सरळ करते. मग स्वच्छ ठोके मिळतात: चालू, बंद, चालू, बंद.

एका सेकंदात किती ठोके पडतात, हे सांगण्यासाठी हर्ट्‌झ हे माप वापरतात. एका सेकंदाला एक ठोका म्हणजे एक हर्ट्‌झ. दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्‌झ. शंभर कोटी ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्‌झ.

तुमच्या घरच्या मनगटी घड्याळात बहुधा एक लहानसा क्वार्ट्‌झ असेल. तो एका सेकंदात ३२,७६८ वेळा कंप पावतो. पण सेकंदकाटा तर सेकंदाला एकदाच पुढे सरकतो. मग हे कसे जमते? घड्याळातील मंडल दर दोन ठोक्यांमागे एकच ठोका पुढे पाठवते. म्हणजे ठोके निम्मे झाले. मग पुन्हा निम्मे. पुन्हा निम्मे. असे पंधरा वेळा केले, की सेकंदाला एक ठोका उरतो. कागद-पेन्सिल घ्या आणि ३२,७६८ पंधरा वेळा निम्मे करून पाहा. मग ही संख्या का निवडली, हे तुमच्या ध्यानात येईल.

ठोके असे भागून घेण्याची युक्ती संगणकातही वापरतात. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात बोका रॅटन नावाचे गाव आहे. तेथे आयबीएम कंपनीच्या लोकांनी टेबलावर मावेल असा संगणक तयार केला. तो १९८१ साली विक्रीला आला. त्याच्या प्रोसेसरला एका सेकंदात ५० लाखांपर्यंत ठोके चालत. त्याहून अधिक दिले, तर उत्तराची खात्री नव्हती. पण त्या संगणकात बसवलेला स्फटिक तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४३ लाख वेळा कंप पावत होता! असे का केले असेल?

याचे उत्तर दूरदर्शन संचात आहे. हा संगणक रंगीत दूरदर्शन संचालाही जोडता यावा, असे त्याच्या रचनाकारांना हवे होते. अमेरिकेत १९५३ साली रंगीत चित्रांची एक पद्धत ठरली होती. त्या पद्धतीत रंगांसाठी सेकंदाला सुमारे ३५ लाख ८० हजार ठोके लागत. आता १ कोटी ४३ लाखांना ४ ने भागा. सुमारे ३५ लाख ८० हजार येतात. आणि ३ ने भागा. सुमारे ४७ लाख ७० हजार येतात. म्हणजे ५० लाखांच्या थोडे आतच! एकाच स्फटिकाने दोन्ही कामे झाली. दुसऱ्या स्फटिकाचा खर्च वाचला. प्रोसेसर थोडा सावकाश चालला, पण चुकला नाही. आपण शाळेत शिकतो तो साधा भागाकार असा उपयोगी पडला.

पुढे प्रोसेसरचा वेग वाढत गेला. आजच्या अनेक प्रोसेसरांना एका सेकंदात ३०० कोटींहून अधिक ठोके लागतात. इतकी कंपने देणारी क्वार्ट्‌झची चकती कापायची, तर ती मघाच्या चकतीपेक्षा शेकडो पट पातळ करावी लागेल. हे फार अवघड आहे. म्हणून आता भागाकाराऐवजी गुणाकार करतात. पण ठोक्यांना गुणायचे कसे?

समजा, गुरुजी दर चार सेकंदांनी एक टाळी वाजवतात. ते एका मुलाला सांगतात, ‘माझ्या दोन टाळ्यांमध्ये तू बरोबर आठ टिचक्या वाजव.’ पहिल्यांदा त्याच्या सहाच टिचक्या होतात आणि टाळी पडते. तो वेग वाढवतो. पुढच्या वेळी नऊ होतात. तो वेग थोडा कमी करतो. दोन-चार वेळा असे झाले, की त्याच्या नेमक्या आठ टिचक्या होऊ लागतात. प्रोसेसरमध्ये या मुलासारखे एक चपळ मंडल असते. ते भराभर ठोके देते, पण त्याचा ताल कच्चा असतो. दुसरे मंडल ते ठोके मोजते. तिसरे मंडल त्यांची स्फटिकाच्या ठोक्यांशी तुलना करते आणि ‘वेग वाढव’ किंवा ‘वेग कमी कर’ असा इशारा देते. स्फटिकाकडून १० कोटी ठोक्यांचा ताल मिळाला आणि त्याला ३५ ने गुणले, तर ३५० कोटी ठोके मिळतात. चपळाई एकाची आणि अचूकपणा दुसऱ्याचा, असे हे जोडीने केलेले काम आहे.

आता एक अडचण उरते. ठोका सगळीकडे एकाच वेळी पोहोचला पाहिजे. तारेतून जायलाही विजेला वेळ लागतो. अमेरिकेच्या नौदलात ग्रेस हॉपर नावाच्या गणिती अधिकारी होत्या. त्या आपल्या व्याख्यानात श्रोत्यांना तारेचा सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा तुकडा दाखवत. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागात प्रकाशही जास्तीत जास्त एवढेच अंतर जाऊ शकतो, असे त्या समजावून सांगत. सेकंदाला ३०० कोटी ठोके पडत असतील, तर दोन ठोक्यांमध्ये प्रकाश फक्त दहा सेंटिमीटर पुढे जातो. तुमच्या पट्टीवर दहा सेंटिमीटर किती, ते पाहा. चिपमधल्या बारीक तारांतून ठोका याहूनही सावकाश जातो.

मग जवळच्या भागाला ठोका आधी मिळेल आणि दूरच्या भागाला उशिरा. असे होऊ नये म्हणून ठोका नेणाऱ्या तारा झाडासारख्या पसरवतात. मधोमध एक खोड, त्याला सारख्या लांबीच्या फांद्या, त्या फांद्यांना पुन्हा सारख्या लांबीच्या डहाळ्या. कोणत्याही वाटेने गेले, तरी अंतर जवळजवळ सारखेच भरते. त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यात ठोका जवळजवळ एकाच क्षणी पडतो.

ठोके वाढवण्याची कंपन्यांमध्ये मोठी चढाओढ लागली होती. २००० सालच्या मार्च महिन्यात एएमडी आणि इंटेल या दोन अमेरिकी कंपन्यांनी थोड्याच दिवसांच्या अंतराने सेकंदाला १०० कोटी ठोक्यांचे प्रोसेसर आणले. पण प्रत्येक ठोक्याला बटणे चालू-बंद होतात आणि त्यामुळे उष्णता निर्माण होते. ठोके वाढले, की प्रोसेसर तापतो. इंटेल कंपनीने ४०० कोटी ठोक्यांचा एक प्रोसेसर आणायचे ठरवले होते. २००४ साली तिने तो बेत सोडून दिला. त्याऐवजी एकाच चिपवर दोन, चार किंवा अधिक प्रोसेसर बसवून कामे वाटून देण्याकडे सर्वांचा कल झाला. पुढे काही प्रोसेसरांनी ४०० कोटींची मर्यादा ओलांडलीही. पण आजचे प्रोसेसर सर्व वेळ धावत नाहीत. काम नसेल तेव्हा ते आपले ठोके कमी करतात. त्यामुळे वीज वाचते आणि प्रोसेसर तापत नाही.

मुलांनो, संगणक फार वेगाने काम करतो, असे आपण नेहमी ऐकतो. ते खरे आहे. पण त्याच्या वेगामागे थांबण्याचा एक कडक नियम आहे. प्रत्येक ठोक्याला तो सर्वांत मागच्यासाठी थांबतो, हातचा शेवटच्या घरापर्यंत पोहोचू देतो आणि मगच उत्तर घेतो. हे थांबणे सेकंदाच्या अतिशय लहान भागाएवढे असते, पण ते चुकवून चालत नाही. म्हणून तर त्याच्या उत्तरावर आपण भरवसा ठेवू शकतो.

शब्दार्थ

स्पंद – ठोका
कंपने – थरथरणे, वेगाने मागेपुढे हलणे
स्फटिक – ठरावीक आकाराचा, पैलूदार खनिज पदार्थ
मंडल – वीज वाहण्यासाठी केलेली जोडणी
आक्रसणे – आकुंचन पावणे
चढाओढ – स्पर्धा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एनियाकमध्ये एका बेरजेला किती ठोके लागत?
(आ) स्फटिक दाबल्यावर काय निर्माण होते?
(इ) ग्रेस हॉपर श्रोत्यांना काय दाखवत?

२. कारणे सांगा.
(अ) गुरुजींच्या वहीत चुकीचे उत्तर लिहिले गेले.
(आ) ठोका नेणाऱ्या तारा झाडासारख्या पसरवतात.
(इ) काम नसताना प्रोसेसर आपले ठोके कमी करतो.

३. विचार करून सांगा.
७८९ आणि २११ यांची बेरीज पाठातल्या चार मुलांनी केली, तर प्रत्येक सेकंदानंतर पाट्यांवर कोणते अंक दिसतील?

४. उपक्रम.
पाठातील पाट्यांचा प्रयोग वर्गात करा. टाळ्यांमधले अंतर कमी-कमी करत जा. उत्तर केव्हा चुकू लागते, त्याची नोंद ठेवा.